लवूने घातलेलं गाऱ्हाणं

लवू तांडेल हा आमच्या तारकर्लीचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. तरुणपणी कबड्डीत जिल्ह्यापर्यंत पोचला होता. पुढे माडावरून पडला, गुडघा गेला आणि खेळ सुटला. आता रोज संध्याकाळी गावातल्या मुलींना कबड्डी शिकवतो आणि त्यांच्यावर असा खेकसतो की माडावरचे कावळे उडावेत. मुली मात्र त्याला मुळीच घाबरत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कबड्डी क्लबच्या फाउंडेशनने या मुलींना हात दिला. बूट आले, मॅट आली, खाऊला अंडी आली. बदल्यात लवूने दर महिन्याला अहवाल पाठवायचा. माडावर सरसर चढणारा हा गडी कागदासमोर बसला की घामाघूम व्हायचा. लिहून झालं की माझ्या दुकानात आणून मला वाचायला द्यायचा.

यंदा या मुलींपैकी अनुजाची क्लबच्या पुण्यातल्या मोठ्या शिबिरासाठी निवड झाली. तिची आई सावित्री लॉजवर भांडी घासते. स्वतःच्या जोरावर ती मुलीला कणकवलीलाही पाठवू शकली नसती. लवूच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्याने अहवालात शुद्ध मराठीत लिहिलं: ‘रविवारी देवळात क्लबच्या नावाने मोठे गाऱ्हाणे घातले. सर्व मुली व पालक हजर होते. सर्वांनी होकार दिला.’

मी वाचलं आणि ‘झकास’ म्हटलं. माझंही डोकं मालवणीच!

आठव्या दिवशी पत्र आलं. तक्रारीची चौकशी होईपर्यंत मदत थांबवली आहे आणि अनुजाची निवडही. शिबिर सोमवारी सुरू होणार होतं. कसली तक्रार, कोणाची, काही कळेना. सावित्री रोज माझ्या दुकानात येऊन विचारायची, काही कळलं का?

शनिवारी संध्याकाळी फाउंडेशनच्या अपेक्षा मॅडम स्वतः मैदानावर आल्या. मी आणि सावित्रीही तिथेच होतो. मूळच्या नागपूरकडच्या. लवूपुढे अहवाल धरून म्हणाल्या, “सगळ्या पालकांना घेऊन आमच्याविरुद्ध गाऱ्हाणं केलंत. आम्ही कुठे कमी पडलो?”

“विरुद्ध? नाय ओ मॅडम... म्हणजे, नाही!” लवूची बोबडी वळली.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. “मॅडम, आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. देवाला घातलेलं साकडं ते. मागणारा मागतो, बाकीचे हुंकार देतात.”

मॅडमचा विश्वास बसेना. “मग काय मागितलंत ते म्हणून दाखवा.”

लवूने डोक्यावरचा टॉवेल काढला, देवळाकडे तोंड केलं आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! ह्या क्लबान आमच्या चेडवांका बूट दिले, मॅट दिली. तेंच्या खेळाडूंची हाडां शाबूत ठेव रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” मैदानातल्या मुली सवयीने ओरडल्या.

“ती हापिसातली अपेक्षा बाय आमच्या चेडवांसाठी कागद करून करून दमता. तिका सुखात ठेव रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग तिथूनच मुंबईला फोन लावला. “तक्रार नाही. चूक आपली झाली. अनुजा सोमवारी येतेय.” सावित्री रडायलाच लागली. माझ्या छातीवरची धोंड उतरली. कारण तो कागद मीच पास केला होता ना!

निघताना मॅडमनी लवूला विचारलं, “अनुजा तुमच्या नात्यातली का?”

“नाय.”

“मग स्वतःसाठी काहीच नाही मागितलंत?”

लवूला प्रश्नच कळला नाही. “मागलंय मां!” तो म्हणाला. “चेडवाक खेळाक मिळांदे म्हणान मागलंय. ता माझ्याचसाठी.”