गुत्त्याची घोंगडी

नवी सून झाले त्या वयातली मी आठवली की मलाच माझ्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. अंगानं काडी, आणि तोरा असा, की हैदराबादची बेगम बोरीच्या बाजाराला निघाली आहे. माहेरी आमच्या मेंढ्या, सासरी घोंगड्यांचा माग. लोकर कशी कातरायची ते मला येत होतं. विणण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण अक्कल वाटायची हौस दांडगी.

बोरीच्या बाजारात आमच्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, घोंगडी विकायची एक रीत होती. चौघांनी घोंगडीची चार टोकं धरायची, मधे तांब्याभर पाणी ओतायचं, आणि विणणाऱ्यानं डोक्याला पटका बांधून बरोबर त्याखाली बसायचं. गिऱ्हाइकानं चिलीम पेटवायची. चिलीम संपेपर्यंत पटका कोरडा राहिला तर घोंगडी घ्यायची, जास्त बोलणं नाही. मेंढक्याला पावसाळ्यात रानात तेवढंच छप्पर, तो का नाही बघून घेणार? मामंजींचा पटका कधी भिजला नव्हता. पंचक्रोशीतले मेंढके आपापली लोकर आमच्याच दारात आणून टाकायचे.

तिकडं लढाई सुरू झाली आणि जिंतूरच्या कचेरीतून निरोप आला. सरकारी घोड्यांच्या पाठीवर टाकायला घोंगड्या हव्यात, जितक्या विणाल तितक्या. आमचे मालक हा गुत्ता, म्हणजे ठेका, घ्यायला एका पायावर तयार. मामंजी मात्र लोकर पिंजता पिंजता थांबले.

"आन् बोरीच्या मेंढक्यायला काय सांगू?"

सुनेनं बोलायचं नसतं. मी दाराआडून बोलले.

"सांगा, आमी आता सरकारची मानसं हाव."

मालक हसले. मामंजी हसले नाहीत, पण नाही पण म्हणाले नाहीत. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता, मागावर आता मालक बसत होते. ज्याच्या हातात माग, त्याचं चालतं.

कचेरीत पाणीबिणी कुणी ओतत नव्हतं. मुनशी घोंगडी तराजूत टाकायचा, वजन भरलं की शिक्का. घोड्याला कुठं चिलीम ओढायची होती! हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, आम्ही चिंचोक्याची खळ लावायचो, धागा ताठ राहावा म्हणून, थोडीशी. मी म्हटलं, खळ दुप्पट करू. वजन खळ भरील, वीण विरळ चालेल, दोन दिवसांची घोंगडी एका दिवसात उतरेल.

मालक माझ्याकडं बघतच राहिले. "लय डोकं हाय गं तुला!"

त्या एका वाक्यावर मी महिनाभर जमिनीवर पाय ठेवला नाही. चिंचोके भाजून, कुटून, शिजवून माझे हात कोपरापर्यंत चिकट, आणि मी त्याच हातांनी आरशात बघून पदर सारखा करायची.

मामंजी कधीकधी घोंगडीच्या काठावरून बोटं फिरवायचे. "कडक लागायलीय."

"नवी हाय ना, मामंजी."

एक म्हातारा मेंढका, मामंजींच्या बरोबरीचा, पावसाळ्याआधी लोकरीचं गाठोडं घेऊन आला. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "गुत्ता चालू हाय बाबा. पुढच्या साली बगू." पुढच्या साली आला, तेव्हाही तेच सांगितलं. तिसऱ्या साली तो आला नाही. दुसरेही यायचे थांबले. मला वाटलं, बरं झालं, दारातली गर्दी हटली.

मग लढाई संपली. कचेरीचा एक कागद आला आणि गुत्ता बंद. सरकारनं आम्हाला लुबाडलं, असं मी म्हणणार नाही. दिलं ते वेळेवर दिलं. तेवढी वर्षं आम्हाला दुसऱ्या कुणाचं तोंड बघायची गरज ठेवली नाही, एवढंच.

घरात घोंगड्यांची थप्पी उरली होती, आणि मालकांच्या हाताला घट्ट वीण आता येईना. विरळ विणून विणून हात तसाच बसला होता. बोरीची गिऱ्हाइकं परत आली नाहीत तर माग मोडायचा, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी मात्र निर्धास्त. थप्पीतल्या एका घोंगडीवर मी ओंजळभर पाणी टाकून बघितलं होतं. जरा वेळ थांबले, थेंब खाली आला नाही. झाली की परीक्षा! खळ भिजायला वेळ लागतो, हे या शहाणीला कोण सांगणार?

बाजारात तोच म्हातारा मेंढका भेटला. मामंजींनी आवाज ओळखला आणि तोंड असं उजळलं की काय सांगू.

"ये रं! मी बसतो खाली. पेटव चिलीम."

"पाणी नको गड्या. तुजी घोंगडी मी काय आज बगायलोय?"

"न्हाई न्हाई. रीत ती रीत."

चौघांनी टोकं धरली, त्यात एक टोक माझ्या मालकांच्या हातात. पाणी ओतलं. माणसं जमली. मेंढका सावकाश झुरके घेत मेंढ्यांचं, पावसाचं बोलत होता, मामंजी खालून हुंकार देत होते. आधी एक थेंब पडला. मग धार लागली. पाण्याची नव्हे, पांढऱ्या खळीची, पेजेसारखी. पटक्यावरून कपाळावर, कपाळावरून मिशीत.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मेंढक्यानं चिलीम खाली ठेवली. अर्धी बाकी होती. "कुनाच्या हातची हाय?" त्यानं हळूच विचारलं.

मालकांनी मान खाली घातली. मी, कचेरीतल्या मुनशीला चकवणारी मी, तोंडात पदर धरून उभी.

"माज्या," मामंजी म्हणाले. "माज्याच हातची."

घरी आल्यावर मी पटका धुवायला मागितला, तर त्यांनी दिला नाही. तसाच वाळू दिला. पुढं कुणी वाटसरू दारात येऊन घोंगडी आहे का विचारायचा, तेव्हा मामंजी ओट्यावरूनच पलीकडच्या गावच्या विणकराचा पत्ता सांगायचे, वाट नीट समजावून, आणि वर म्हणायचे, "पाणी वतून बगून घे."

माग मोडला, आणि विणणारा पाय सोडून बसायचा त्या मागाच्या खड्ड्यात मी त्या पावसाळ्यात गोवऱ्या रचल्या. छप्पर गळायचं, म्हणून वर झाकायला गुत्त्याची घोंगडी टाकली. सगळ्या भिजल्या.