अंधारातल्या चपला

समीक्षकांच्या यादीत पहिला ठरलेला चित्रपट आज आमच्या फिल्म सोसायटीत दाखवला. शेवटाच्या बऱ्याच आधी, अंधारात, खुर्च्यांखाली चपला चाचपणाऱ्या पायांचा आवाज सुरू झाला; त्यांत माझेही पाय होते. गेल्या आठवड्यातला चित्रपट त्याच यादीत तळाशी आहे. तो संपला तेव्हा मात्र शेजारच्या लीलाताई भारावून अनवाणीच दारापर्यंत गेल्या होत्या. पायांना उमगलेले यादीपर्यंत का पोहोचत नसावे? निवृत्तीनंतर चित्रपट पाहू लागलेली मी, असे प्रश्न मनातच ठेवते.

“कुणाला वेगळं वाटतं?” चित्रपट संपल्यावर त्याची भरभरून स्तुती करून चर्चा चालवणाऱ्या सरांनी विचारले.

“बोला की! चपला तर केव्हाच घातल्यात,” लीलाताईंनी मला कोपराने ढोसले.

मी उभी राहिले. “सर, गेल्या आठवड्यात या अनवाणी का निघाल्या, तिथून सुरुवात करू?”