शेवटच्या भागाचा डबा

डबा उघडला तेव्हा आत फिल्म नव्हती, नुसती तपकिरी भुकटी होती. संग्रहालयातल्या बाई हळूच म्हणाल्या, "यातून काहीच निघणार नाही हो. आणि या मालिकेच्या कुठल्याच भागाची दुसरी प्रत जगात उरलेली नाही."

नव्वदी ओलांडलेल्या अण्णांनी, माझ्या वडिलांनी, लहानपणी तंबूतल्या सिनेमात ही अमेरिकन मूक चित्रमालिका पाहिली होती. घोडे, बंदुका, दर आठवड्याला एक भाग. शेवटचा भाग तापामुळे हुकला. कड्याला लोंबकळणारी नायिका तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांपुढे तशीच होती. जुन्या बाजारात नेमका त्याच भागाचा डबा मिळाला, तेव्हा मी हरखलो होतो.

संग्रहालयाच्या पायरीवर मी बराच वेळ बसून राहिलो. इतक्या माणसांनी श्वास रोखून पाहिलेली गोष्ट अशी पुसली जाते? आता ती एका म्हाताऱ्याच्या आठवणीत तेवढी होती, आणि तिथूनही रोज थोडी थोडी निसटत होती.

घरी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून वाट बघत होते. "वाचली का रे ती?"

खोटं बोलायचं ठरवून आलो होतो. जमलं नाही.

"आता कधीच कळणार नाही, अण्णा."

आई गेली तेव्हाही न रडलेले अण्णा तोंडावर पंचा धरून रडू लागले, आणि मला त्यांच्याजवळ जायचं धाडस होईना.