चौदा दिवसांचं सॉफ्टवेअर

इंदुरीच्या फॅब्रिकेटर भाऊंनी आपल्या वर्कशॉपची शेड वाढवायचं काम माझ्याऐवजी तिला दिलं, तेव्हापासून मी इंदुरीकडे फिरकले नव्हते. मूळ शेड माझी. लोखंडाचा प्रत्येक खांब, प्रत्येक बोल्ट मी ठरवलेला. आणि वाढीव शेड मात्र तळेगावच्या मॅडमची! ही मॅडम पुण्यातल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे सहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, माझ्या वहीतून हिशेब उतरवून घ्यायची. आता तिच्या ऑफिसला काचेचं दार आहे आणि मी लोणावळ्यात एका खोलीत, स्वतःच्या जुन्यापुराण्या एक्सेल शीटवर.

वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. पोटात दुखलं.

मग एका दुपारी भाऊ लोणावळ्यात कुणाच्या तरी बंगल्याच्या गेटचं माप घ्यायला आले आणि माझ्याकडे चहाला थांबले. पिशवीतून त्यांनी तिचा रिपोर्ट काढला. खांब आणि छताची तुळई जिथे बोल्टांनी एकत्र येतात तो जॉइंट, पानभर, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत.

"बगा ताई, कुटं किती जोर येतोय ते रंगात दिसतंय. मला बी कळलं," भाऊ कौतुकाने म्हणाले.

"छान आहे," मी म्हणाले. "माझ्या नुसत्या आकड्यांवर तुमची शेड आठ वर्षं उभी आहे म्हणा."

"व्हय की. तुमचं काम बी चांगलंच हाय."

माझं काम 'बी' चांगलं! भाऊ हात धुवायला गेले तेवढ्यात मी त्या रिपोर्टच्या चार पानांचे मोबाईलवर फोटो काढले. चोरीच म्हणा.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर शोधायला बसले. तिच्याकडे होतं त्याच कंपनीला आधी फोन लावला. वर्षाचं भाडं ऐकलं आणि "सरांना विचारून सांगते" म्हणून ठेवून दिला. माझ्या ऑफिसात सर नाहीत. मग इंजिनिअरांच्या ग्रुपवर कुणीतरी एक फुकट शीट टाकली होती ती उघडली. सगळ्या कप्प्यांना कुलूप आणि कोड, म्हणजे डिझाइनची नियमावली, परदेशातली. उत्तर आलं तरी ते कशावरून आलं हे विचारणार कुणाला? तिसरं एका लहानशा कंपनीचं होतं. फक्त जॉइंटच करायचं, महिन्याच्या भाड्याने मिळायचं, आपला भारतीय कोड होता आणि हिशेबाची पायरी न् पायरी लिहून दाखवायचं. रंग यथातथाच. चौदा दिवस वापरून बघायला फुकट.

शहाण्या माणसाने नवं सॉफ्टवेअर आधी पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण घालून तपासलं असतं. मी तिचा जॉइंट घातला. फोटो मोठे करकरून एकेक माप वाचलं. एक तरी चूक सापडू दे, एवढीच इच्छा होती. बोल्ट पास. वेल्ड पास. प्लेट पास. बोल्ट आवळायला पाना फिरवण्याइतकी जागा आहे का, तेही बघितलं. होती! पुन्हा पहिल्यापासून घातला, पुन्हा पास.

मग निदान आपला तिच्याहून सरस आहे हे तरी दिसावं म्हणून त्याच वर्कशॉपचा माझा जुना जॉइंट घातला. बोल्ट पास झाले. प्लेट नापास झाली.

माझी एक्सेल बोल्टांची ताकद तपासते. बोल्ट ओढले जाताना ते ज्या प्लेटमधून गेलेत ती प्लेट वाकेल का, हे मी त्या शीटला कधी विचारलंच नव्हतं. वही काढून हाताने गणित केलं. सॉफ्टवेअर खरं बोलत होतं. एरवी ती शेड उभी राहील, पण वळवाच्या वादळात राहील का, हे मला छातीठोक सांगता येईना. खाली भाऊ आणि त्यांची दहा-बारा माणसं दिवसभर काम करतात. आणि सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार त्या माणसांचा आला नाही. हे तिला कळलं तर, हा आला.

सकाळी तडक इंदुरी गाठली. भाऊंना बाजूला घेतलं.

"भाऊ, माझी चूक झालीय. जुन्या शेडच्या प्लेटा कमी पडतात. प्रत्येक जॉइंटला त्रिकोणी पट्ट्या वेल्ड करून घ्या. ड्रॉइंग मी देते, खर्चही माझा."

भाऊ कसनुसं हसले आणि त्यांनी वर बोट दाखवलं. प्रत्येक जॉइंटला त्रिकोणी पट्ट्या होत्या. वेल्डिंग अगदी नेटकं.

"तळेगावच्या म्याडमनी दोन म्हैन्यामागं बशिवल्या. नवं काम जोडायच्या आदी त्यांनी जुनं समदं तपासलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्याच नगं म्हनल्या. ताईंना लय वाईट वाटंल, म्हनल्या. रंग बी जुन्यावानीच मारा म्हनल्या, म्हंजी तुमी कदी वर बगितलं तरी कळायचं न्हाई."

मी मान वर करून बघत राहिले. रंग खरोखरच जुळला होता. शेड धडधाकट आहे म्हणून हायसं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. पण तिची चूक मला सापडली असती तर मी पहिला फोन भाऊंना केला असता आणि दुसरा आमच्या पुण्याच्या जुन्या ऑफिसात, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या काचेच्या दारावर मी वर्षभर जळत होते, आणि भाऊ चहाला आल्यापासून तिच्या रंगीत पानांवरही. त्या सकाळी मी तिच्या चांगुलपणावर जळले, आणि इतकी मी आजवर कुणावरच जळले नव्हते.