आणून दिलेल्या नमुन्यापुरते

पोलाद शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली शेवटची दहा जवळजवळ रिकाम्या बाकांसमोर. पोरं सगळी कॉम्प्युटरकडे पळाली. आमच्या धातुशास्त्राला येतात ते दुसरीकडे नंबर न लागलेले, आणि मी उगाच त्यांच्यावर डाफरायचो. खरा राग स्वतःवर होता. भट्टीतून पोलाद ओततात तिथे उभं राहायचं स्वप्न बघितलेला माणूस आयुष्यभर फळ्यावर खडूने भट्ट्या काढत बसला होता. डिपार्टमेंट टिकलं ते तपासणीच्या कामामुळे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचे बिल्डर त्यांच्या सळ्या आमच्या लॅबमध्ये पाठवायचे. आम्ही त्या ताणून, वाकवून बघायचो आणि मी रिपोर्टवर सही करायचो.

बोरिवलीतली आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, सगळे जमेल तिथे भाड्याने पांगले, तेव्हा बिल्डिंगला माझा पहिल्यांदाच उपयोग झाला. स्टीलचा विषय निघाला की "ते सर बघतील" म्हणून मीटिंग पुढे सरकायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

सगळ्यात जास्त विश्वास तळमजल्यावरच्या काकांचा. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून त्यांनी घर चालवलं होतं. आता वय चौऱ्याऐंशी, विरारला भाड्याच्या खोलीत एकटेच. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा.

"मास्तरानू, कितवो स्लॅब पडलो?"

मी आकडा सांगायचो.

"बरा झाला. तुम्ही आसास म्हणान आमका काळजी नाय."

मरायचं तर बोरिवलीत, स्वतःच्या दारात, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती ते हसत हसत बोलून दाखवायचे.

चौथा स्लॅब पडल्यावर मी आणि बायको साइट बघायला गेलो. कोपऱ्यात सळ्यांचे कापलेले तुकडे पडले होते. सवयीने मी दोन-तीन उचलले.

"अहो, भंगार कशाला गोळा करताय?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एक तुकडा आडवा कापला, घासून आरशासारखा केला आणि त्यावर आम्लाचा बोळा फिरवला. चांगल्या सळीला बाहेरून कडक साल असते, आत मऊ गाभा. आम्ल लागलं की ती साल काळ्या कड्यासारखी उठून दिसते, चारी बाजूंनी सारखी. इथे एका बाजूला कडं नव्हतंच. घासण्यात चुकलो असेन म्हणून पुन्हा घासलं. तेच. दुसरा तुकडा वाकवायला लावला, तर त्याला तडा गेला. पुन्हा साइटवर जाऊन आणखी पाच आणले. त्यातले तीन तसेच निघाले.

फाइल काढली. आमच्या बिल्डिंगचे सगळे रिपोर्ट पास. प्रत्येकावर माझी सही, आणि सहीखाली छापील ओळ : 'निकाल फक्त आणून दिलेल्या नमुन्यापुरते.' ही ओळ मीच घातलेली. उद्या कोणी कोर्टात खेचलं तर आपण सुटावं म्हणून, मोठी अक्कल चालवून. नमुने कंत्राटदाराचा माणूस गोणपाटात गुंडाळून आणतो, चांगले तेवढे निवडून आणतो, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण परक्यांच्या इमारती होत्या तोवर ती ओळ मला पुरत होती. घाटकोपरला, मुलुंडला अशा किती इमारतींत माणसं निवांत राहतायत ते आठवायला लागलो आणि मध्येच थांबलो. हिंमत होईना.

चार दिवस मी कोणाला काही बोललो नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काम थांबेल. काकांचं काय?"

"आणि नाही सांगितलं तर?"



पुढच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. आधी कोणाला कळेना. मग सेक्रेटरी म्हणाला, "सर, पण रिपोर्ट तुमचाच ना? तेव्हा काय झोपला होतात? वाट लावलीत ना आमची!" मी खाली बसलो. त्याचं काहीच चुकत नव्हतं.

काम थांबलं. बिल्डर म्हणतो, प्रोफेसर खोटं बोलतोय. आता खांब तपासायचे, मग पाडायचे की नाही ते ठरवायचं. किती वर्षं जातील कोणी सांगू शकत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्याबद्दल जे लिहितात ते मी वाचतो. सगळं वाचतो.

रविवारी काकांचा फोन आला. उचलू नये असं फार वाटलं, तरी उचलला.

"मास्तरानू, आयकलंय मी. माझे आता किती दिस रवले? तुम्ही परत एक सही करा ना. तुमची सही आसली की आमका पुरे."

"काका, आधीची सहीसुद्धा मी साइटवरची सळी न बघताच केली होती."



"मगे आता आम्ही कोणाच्या सहीवर घराक जावचा?"