पॉलिशवर सारवण: पेठच्या डोंगरातला नाताळ

सागवानी गोठा एक, अडीच फूट लांब, खिळा एकही नाही, सगळं लाकडात लाकूड बसवून केलेलं. मरिया, योसेफ, मेंढपाळ, बैल, गाढव आणि मेंढ्या शिवणीच्या लाकडातून कोरलेल्या. गव्हाण एक, तिच्यात सुटं निघणारं बाळ, माझ्या अंगठ्याएवढं. वर लाखेच्या पॉलिशचे तीन हात. हे सगळं मी स्वतः केलं. कोणाकडे शिकलो नाही, आयटीआयचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या पॉलिशचं जे झालं ते वाचताना माझी बाजू तुम्हाला माहीत असलेली बरी.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या हाताची दोन बोटं कटर मशीनमध्ये सापडली. डॉक्टरांनी जोडली, पण ती पुन्हा वळतील की नाही ते कोणी सांगेना. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर पेठकडच्या एका गावातले गृहस्थ होते, पाठीचं ऑपरेशन झालेले. त्यांची बायको जनीमावशी. माझी बायको मार्था घरी गेली की मावशी नवऱ्याबरोबर मलाही घास भरवायची. एकदा बोलता बोलता म्हणाली, "आमच्या चर्चात नाताळला नुसती चांदणी लावतो. गोठा नाय." मी तिथल्या तिथे शब्द दिला. हा हात चालला तर पहिली वस्तू तुमच्या चर्चला.

देवाच्या कृपेने हात चालला. पण वस्तू जरा जास्तच चांगली झाली. त्र्यंबक रस्त्याला रिसॉर्ट असलेले एक गृहस्थ वर्कशॉपमध्ये आले होते, त्यांनी गोठा पाहिला आणि उभ्या उभ्या भाव सांगितला. मी म्हटलं, नाताळनंतर कळवतो. मग मार्थाला बेत सांगितला. गोठा नाताळला गावात ठेवायचा, येताना परत आणायचा आणि पुढच्या वर्षी त्यांना दुसरा करून द्यायचा.

"पहिली वस्तू म्हणाला होतात," मार्था म्हणाली.

"मग? पहिल्यांदा तिथेच ठेवतोय ना!"

"अहो, देवापुढे वकिली नको."

चोवीस तारखेला सकाळी निघालो. व्हॅनच्या मागच्या भागात चार इंची फोम अंथरून त्यात गोठा बसवला, वर रजई. नाशिकहून पेठचा रस्ता चांगला आहे, पण सावळ घाटात वळणं दाट आहेत आणि ट्रक मधोमध येतात. घाई करू नका. करंजाळीला थांबून गरम भजी आणि चहा घ्या, दोघांचे शंभराच्या आत होतात. पेठनंतर आतला रस्ता उखडलेला आहे. जाऊन-येऊन पेट्रोल हजारभर धरा. रोख पैसे आणि जाड पांघरूण न्याच, मोबाइलला रेंज असेलच असं नाही. डिसेंबरात भात काढून झालेलं असतं, डोंगरउतारावर गवत पिवळं पडलेलं असतं आणि ऊन दिवसभर कोवळंच राहतं. प्रत्येक खड्ड्याला मी आरशातून मागे बघत होतो. मार्था म्हणाली, "मी बाळंतीण असताना एवढी हळू नव्हती चालवलीत."

चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एकच खोली, बाहेर बांबूची भली मोठी चांदणी. वेदीपुढे गोठा मांडला. सगळं गाव बघून गेलं. कोणीतरी विचारेल, खिळ्याशिवाय कसं जमवलं, म्हणून मी कोपऱ्याला हात लावून उभा होतो. कोणी विचारलं नाही. एक आजोबा मात्र म्हणाले, "बैल चांगला हाय. पर वशिंड कमी पडलं." मी बैल विदेशी चित्रावरून केला होता.

जेवायला मावशीकडे. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, गावठी कोंबडीचा झणझणीत रस्सा. पैसे विचारायची सोय नव्हती. आम्ही नाशिकहून केक आणला होता, तो पोरांनी ताटलीत पडू दिला नाही.

फादरना चार गावं करायची असतात, म्हणून इथली मिस्सा, म्हणजे नाताळची मुख्य उपासना, पंचवीसला सकाळी. मी जरा आधी गेलो, मूर्ती सरळ आहेत ना बघायला. आणि दारातच थबकलो. गोठ्याची जमीन शेणाने सारवलेली होती. माझ्या पॉलिशवर! ओलं सारवण, त्यावर बोटांच्या अर्धगोल रेघा, कडेने तांदळाच्या पिठाचे ठिपके. लाखेच्या पॉलिशला ओल चालत नाही, पांढरे डाग पडतात. ते कडेला दिसायलाही लागले होते. जनीमावशी बाजूला बसून हात पुसत होती.

"मावशी, हे काय केलंत? तीन हात पॉलिश होतं त्याला!"

"तेच तर ना भाऊ. लय गुळगुळीत. बाळ घसरलं असतं."

"लाकडाचं आहे ते बाळ!"

"तुम्ही आणलं ते लाकडाचं. आज येनार तो नाय लाकडाचा." मग मला समजावणीच्या सुरात म्हणाली, "घर सारवल्याबिगर कोनाला ये म्हनावं का? मी रोज सकाळी सारवते ना, तवा म्हनते, ये बाबा, जागा केली. मंग दिसभर घरातच असतो तो. चुलीपाशी, यांच्या खाटेपाशी. आज तर त्याचा वाढदिवस."

मागून मार्था हसली. मला हसू आलं नाही. रिसॉर्टवाल्याची अट होती, वस्तूवर ओरखडा नको. इथे अख्खा तळच गेला होता.

मिस्सा सुरू झाली तरी माझं लक्ष त्या डागांवर. शेवटी लोक रांगेने गोठ्याशी आले. द्राक्षबागेच्या कामावरून पिंपळगावहून रात्रीच आलेला एक तरुण होता, बोटांना कात्रीचे घट्टे. तो वाकला, त्याने माझ्या मूर्तींकडे पाहिलंही नाही. सारवलेल्या जमिनीला बोटं टेकवली आणि ती कपाळाला लावली. त्याच्या मागच्या बाईने तेच केलं, मग सगळ्यांनीच. एवढे महिने खपून मी गोठा इंचाइंचाने बरोबर केला होता. पण त्यात कोणी राहायला येईल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मीही वाकलो. जोडलेली दोन्ही बोटं वळली, ओल्या जमिनीला टेकली. तिथेच डोळे भरून आले, आणि मी देवाचे जे आभार मानले ते हॉस्पिटलमधून सुटतानाही मानले नव्हते.

दुपारी व्हॅनमधून फोम काढून आणला. मावशीने विचारलं, "हा कशाला?"

"तुमच्या यजमानांच्या खाटेवर टाका. पाठीला बरा."

मार्थाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिकाम्या व्हॅनचं मागचं दार लावलं.

घरी येऊन आठवडा झाला. फोटो सोडले तर एक सवय तेवढी शिल्लक राहिली आहे. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी कामाच्या टेबलाची एक कड झाडून मोकळी ठेवतो. कामगार विचारतात, इथे काय ठेवायचं. मी म्हणतो, काही नाही, असू दे. बैलाचं वशिंड मात्र पुढच्या नाताळला जाऊन नीट करून देणार आहे.

परवा रिसॉर्टवाल्यांचा फोन आला. माझ्या स्टेटसवरचा फोटो त्यांनी पाहिला होता. मी म्हटलं, साहेब, तळ खराब झालाय. "खराब कुठे? तेच तर पाहिजे, एकदम गावठी लुक! भाव वाढवून देतो." मी सांगितलं की तिथे कुणीतरी राहायला आलंय, आता जागा रिकामी करून देता येणार नाही. त्यांना वाटलं मी घासाघीस करतोय. मग त्यांनी शेवटचा आकडा सांगितला, पंचावन्न हजार, रोख. मी नाही म्हटलं.