फुटक्या तुडमाचा तारांकित प्रश्न

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या मोठ्या बहिणीचा. आम्ही तिला बाई म्हणतो. मला शिकता यावं म्हणून चौथीनंतर तिनं शाळा सोडली आणि लोकांच्या बांधीत धानाच्या रोपांच्या रोवणीला गेली. घरातली पहिली पदवी माझ्या नावावर आहे, एवढंच.

तिचं सासर दिघोरीकडे. तिथला धान गावच्या तलावावर. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, फुटलेलं. धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळेला तलाव कोरडा. भंडाऱ्याला मी ज्या कार्यालयात बाबू आहे, तिथेच हे काम येतं. माझ्याच्यानं काही झालं नाही, तेव्हा बाई गावच्या बायांना घेऊन आमदारांकडे गेली. त्यांनी खरंच विधानसभेत तारांकित प्रश्न टाकला.

"आता त सरकारले खरं सांगाच लागन ना रे?" तिनं फोनवर विचारलं.

तो प्रश्न मंत्रालयातून उतरत उतरत माझ्याच टेबलावर आला. सरकारचं उत्तर आधी बाबू लिहितो, हे तिला ठाऊक नव्हतं. मी तलाव पाहून आलो आणि लिहिलं, 'हे खरे आहे.'

आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, हसले. "काहून बे, नवीन आहेस का? 'खरे आहे' लिवलं का खालचा सवाल जित्ता होते. जबाबदार कोन? 'अंशतः' टाक."

"पण बडे बाबू, पुरंच फुटलं आहे."

"तलाव त आहे ना जागेवर? मंग अंशतःच झालं."

मी बदललं नाही. वरच्या साहेबांनी बदललं. सभागृहात आमच्या प्रश्नाची पाळी येण्याआधीच प्रश्नोत्तराचा तास संपला, आणि उत्तर नुसतं छापलं गेलं. आमदारांना फोन केला तर म्हणाले, "उत्तर आलं ना भाऊ? आता काय करता!"

त्या रात्री नाही, चार दिवसांनी बाईला लिहिलं:

ती. बाईस नमस्कार.

फोनवर सांगवेना म्हणून लिहितो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलं. तुडूम फुटलं हे अंशतः खरं आहे. दुरुस्तीची कार्यवाही सुरू आहे. उशीर का झाला, हा प्रश्न उद्भवत नाही. पुन्हा कोणी विचारलं तर हेच उत्तर फाइलीतून काढून देतील, आणि काढून देणारा मीच असेन. म्हणून यंदा जास्त दिवसांचा भारी धान लावू नको. लवकर निघणारा हलकाच लाव, पावसावर होईल तेवढा. बायांना तूच सांग. मला त्यांच्यासमोर येववत नाही.

तुझा भाऊ